डोळ्यांदेखत: 'द मूनस्टोन'मधील रेचल व्हेरिंडर

'द मूनस्टोन' वाचून बरीच वर्षे झालेल्या माणसाला त्यातले काय आठवते, ते विचारून पाहावे. शापित पिवळा हिरा आठवतो. त्याच्या मागावर थेट इंग्लंडपर्यंत गेलेले तीन ब्राह्मण आठवतात. गुलाबांवर जीव असलेला सार्जंट कफ आठवतो. 'रॉबिन्सन क्रूसो' पोथीसारखा उघडून त्यातून कौल घेणारा म्हातारा कारभारी बेटरेज तर हटकून आठवतो. हिरा जिचा चोरीला गेला त्या मुलीचे नाव मात्र चटकन ओठांवर येत नाही.

विल्की कॉलिन्सला हे रुचले नसते. 1868 साली कादंबरी पुस्तकरूपाने निघाली तेव्हा त्याने तिला एक छोटी प्रस्तावना जोडली. परिस्थितीचा स्वभावावर कसा परिणाम होतो हे आपण याआधीच्या काही कादंबऱ्यांत दाखवले, या वेळी मात्र उलटी वाट धरली आहे, असे त्याने तिथे स्वच्छ सांगितले आहे. माणसाच्या स्वभावामुळे परिस्थिती कशी वळण घेते हे त्याला दाखवायचे होते. अवचित प्रसंग ओढवला असता एक तरुण मुलगी जशी वागते, त्या वागण्यावर आपण हे पुस्तक उभारले आहे, असेही तो म्हणतो. ती मुलगी म्हणजे रेचल व्हेरिंडर. लेखकाने स्वतः बोट ठेवून दाखवलेला हा पाया दीडशे वर्षांनंतरही पुरेसा न्याहाळला गेलेला नाही असे मला वाटते, आणि पुढची प्रकरणे त्यापोटीच लिहिली गेली.

आणखी पुढे जाण्याआधी एक इशारा. रहस्यकथेतल्या पात्राविषयी बोलायचे तर रहस्य झाकून ठेवता येत नाही. रेचलच्या बाबतीत तर मुळीच नाही. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही आणि जे वाचणार आहेत, त्यांनी हे पान इथेच मिटवावे. मी रागावणार नाही.

कथा थोडक्यात अशी. 1799 साली श्रीरंगपट्टणच्या पाडावात कर्नल हर्नकॅसल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रखवालदारांचे मुडदे पाडून एक हिरा लुटला. मूळचा तो सोमनाथच्या चंद्रदेवाच्या कपाळावरचा. कुटुंबाने वाळीत टाकलेल्या या कर्नलने मरताना हा हिरा आपल्या भाचीच्या नावे केला. 21 जून 1848 रोजी, अठराव्या वाढदिवशी, यॉर्कशरमधल्या घरी तो रेचलला मिळतो. घेऊन येणारा तिचा मावसभाऊ फ्रँकलिन ब्लेक. त्याचे तिच्यावर प्रेम आहे, तिचेही त्याच्यावर आहे. त्याच रात्री तिच्या बैठकीतल्या कपाटातून हिरा नाहीसा होतो. सकाळी बोंबाबोंब होते. घरातली सगळी माणसे हवालदिल होऊन शोधाला लागतात, आणि जिचे नुकसान झाले ती एकटीच आपल्या खोलीचे दार लावून घेते. पोलिसांशी बोलत नाही. फ्रँकलिनचे तोंड पाहत नाही. नव्यानेच रंगवलेल्या दारावर रंग फिसकटलेला सापडतो, म्हणून कफ घरातल्या सर्वांचे कपडे तपासायची परवानगी मागतो. सगळे ती देतात. रेचल साफ नकार देते.

कफ हा मूर्ख नाही. असली प्रकरणे त्याने पाहिलेली आहेत. मोठ्या घरची मुलगी, गुपचूप केलेले कर्ज, हाताशी धरलेली मोलकरीण आणि गहाण पडलेला दागिना. त्याचा निष्कर्ष ठरतो: हिरा रेचलनेच लांबवला. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटले असते. कादंबरी चार्ल्स डिकन्सच्या 'ऑल द इअर राउंड' या साप्ताहिकात जानेवारी ते ऑगस्ट 1868 या काळात हप्त्याहप्त्याने येत होती. तेव्हाच्या वाचकांनी कितीतरी आठवडे या मुलीकडे संशयाने पाहिले असणार.

खरा प्रकार वाचकाला फार उशिरा कळतो. त्या रात्री रेचलला झोप येत नव्हती. आपल्या शय्यागृहाच्या दारातून तिने फ्रँकलिनला हातात मेणबत्ती घेऊन आत येताना, कपाट उघडताना आणि हिरा घेऊन जाताना पाहिले. तिच्या डोळ्यांदेखत चोरी झाली, आणि ती करणारा तिच्या मनातला माणूस होता. तिने त्याचे नाव कुणालाही सांगितले नाही. आईला नाही, वकिलाला नाही, पोलिसांना नाही. जवळजवळ वर्षभर ते तिने पोटात ठेवले. या वर्षात आई वारली, नोकरमाणसांत कुजबुज झाली, स्वतःच्या नावाला बट्टा लागला, तरी तिने ब्र काढला नाही.

या कादंबरीत रहस्य आहे ते केवळ रेचलच्या शीलामुळे, हे माझे म्हणणे आहे. व्हिक्टोरियन कादंबरीतल्या सद्गुणी नायिकेला सहसा एवढे काम नसते. कथानक पुरुष चालवतात, खलनायक त्याला वळणे देतात, आणि ती शेवटच्या प्रकरणात बक्षीस म्हणून मिळते. कोव्हेंट्री पॅटमोरने 1854 साली 'घरातली देवदूत' या नावाने जिला कवितेत बसवले, ती बाई सोसते, वाट पाहते, फारसे काही घडवत नाही. रेचलने सकाळी एक वाक्य उच्चारले असते तर कादंबरी बाराव्या-तेराव्या प्रकरणात संपली असती. कफची गरज उरली नसती, घरातली मोलकरीण रोझाना मेली नसती, फ्रँकलिन कदाचित तुरुंगात गेला असता. तिचा चांगुलपणा हीच या यंत्राची कमान आहे.

कॉलिन्सने हा स्वभाव चोरीच्या आधीच मांडून ठेवला आहे. सुरुवातीला बेटरेज तिचे वर्णन करतो तेव्हा रूपाविषयी चार शब्द बोलून लगेच तिच्या एका खोडीवर येतो: या मुलीला स्वतःची मते आहेत, आणि ती कुणाच्या सल्ल्याला थांबत नाही. लहानपणी सवंगड्याची चूक ती सांगत नसे. त्याच्याऐवजी आपण शिक्षा भोगे. आणि कधीही खोटे बोलत नसे. विचारले तर 'सांगणार नाही' म्हणे, पण खोटे नाही. म्हातारा हे सगळे कौतुकाने, थोडेसे बडबडत सांगतो आणि वाचक पुढे सरकतो. उत्तर त्याच्या हातात ठेवले गेले आहे हे त्याला कळतही नाही. पुरावा वाचकाच्या समोर ठेवून त्याची नजर चुकवण्याचे कसब पुढच्या पिढ्यांतल्या रहस्यकथाकारांनी घड्याळे, राख आणि पावलांचे ठसे यांवर वापरले. कॉलिन्सने ते एका मुलीच्या बालपणावर वापरले आहे. मला हे जास्त अवघड वाटते.

यामागे एक खरे प्रकरण आहे आणि त्याची दखल घेतल्याशिवाय रेचल नीट समजत नाही. 1860 सालच्या जूनअखेर विल्टशरमधल्या रोड हिल हाउस या घरात चार वर्षांचाही नसलेला सॅव्हिल केंट हा मुलगा रात्रीत नाहीसा झाला आणि गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. स्थानिक पोलिसांनी घोळ घातला. लंडनहून स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर आला. त्याने घरातल्या धुण्याची नोंदवही पाहिली, एक झोपण्याचा झगा कमी भरतो हे हेरले, आणि मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला, कॉन्स्टन्सला, अटक केली. झगा मिळाला नाही. मुलगी सुटली. एका कामगाराच्या पोराने सभ्य घरातल्या मुलीवर असा आळ घ्यावा, यावर वर्तमानपत्रांनी व्हिचरला झोडपून काढले. 1864 साली तो निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्सने गुन्हा कबूल केला.

'द मूनस्टोन'मध्ये हे सगळे आहे: घोळ घालणारा स्थानिक अधिकारी, लंडनचा तज्ज्ञ, धुण्याची वही, हरवलेला झगा, गप्प बसलेली मुलगी. मात्र कॉलिन्सने निकाल फिरवला आहे. खऱ्या प्रकरणात समाजाला मुलगी निष्पाप वाटली आणि गुप्तहेर बरोबर निघाला. कादंबरीत गुप्तहेराला मुलगी दोषी वाटते आणि तो चुकतो. 1868 च्या वाचकाला कॉन्स्टन्सचा कबुलीजबाब ताजा होता; सभ्य घरची मुलगी गप्प बसली तर तिच्या हाताला रक्त असू शकते हे तो शिकून चुकला होता. कॉलिन्सने त्याच्या या नव्या शहाणपणालाच फसवले. बाहेरून पाहता अपराधाचे मौन आणि निष्ठेचे मौन यांत फरक दिसत नाही, आणि कफसारख्या निष्णात माणसालाही तो दिसला नाही. पुढे कफ आपली चूक मोकळेपणाने मान्य करतो. हे त्याचे मोठेपण, पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

आता रोझाना स्पिअरमनकडे वळतो. वाकडा खांदा असलेली, पूर्वी चोऱ्या केलेली, सुधारगृहातून आणून रेचलच्या आईने, लेडी व्हेरिंडरने, कामाला ठेवलेली ही मोलकरीण. तिचाही फ्रँकलिनवर जीव आहे, आणि त्याला तिचे अस्तित्वही धड ठाऊक नाही. दारावरचा रंग लागलेला त्याचा झगा तिला सापडतो. तो ती पत्र्याच्या पेटीत घालून किनाऱ्यावरच्या थरथरत्या वाळूत लपवते आणि पुढे त्याच वाळूत स्वतःला संपवते. म्हणजे एकाच छपराखाली दोन स्त्रिया एकाच पुरुषाला वाचवण्यासाठी गप्प आहेत. एकीकडे डोळ्यांची साक्ष आहे, दुसरीकडे मुद्देमाल. एकमेकींच्या मौनाचा त्यांना पत्ता नाही. दोन्ही पुरावे खरे आहेत, दोन्ही एकाच माणसाकडे बोट दाखवतात, आणि तो माणूस चोर नाही. डॉक्टर कँडींनी चेष्टेखातर, त्याच्या नकळत, त्याला अफूचा अर्क पाजला होता. हिऱ्याच्या काळजीने तो त्या धुंदीत उठला आणि तो सुरक्षित जागी ठेवायला निघाला. सकाळी त्याला काहीच आठवत नव्हते. कॉलिन्स स्वतः संधिवाताच्या वेदनांसाठी हाच अर्क घेत असे, तेव्हा या औषधाच्या लहरी त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

रेचलला सद्गुणी म्हणताना रोझानाला वगळायचे, हे मला जमले नाही. पण दोघींना एकाच मापाने मोजणेही बरोबर नाही. रेचल गप्प बसते तेव्हा तिच्यामागे घर, पैसा आणि आईचे छत्र आहे. तिची झडती घ्यायची तर विनंती करावी लागते. रोझाना गप्प बसते तेव्हा तिच्या मागे फक्त तिचा तुरुंगातला इतिहास आहे.

आणि इथेच रेचलच्या शीलाचा कच्चा भाग उघडा पडतो. बेटरेजची मुलगी पेनेलोप ही रेचलची दासी. रात्री त्या बैठकीतून शेवटची बाहेर पडली म्हणून स्थानिक पोलीस अधिकारी तिला जवळपास चोरच ठरवतो. नोकरांच्या खोल्या उचकल्या जातात. या सगळ्यांत एकही जण चोर नाही हे घरात एका व्यक्तीला पक्के ठाऊक आहे. ती खोलीत बसून आहे. फ्रँकलिनचे नाव न घेताही 'माझ्या नोकरांना त्रास देऊ नका' एवढे तिला म्हणता आले असते. पुढे लंडनमध्ये गॉडफ्रे एबलव्हाइट या तिच्या दुसऱ्या भावावर लोक संशय घेतात, तेव्हा ती ताडकन उठते, तो निर्दोष आहे हे आपल्याला माहीत आहे असे सांगते, तसे लिहूनही देते. सभ्य गृहस्थाची अब्रू तिला उघड बोलायला लावते. पेनेलोपची लावत नाही. कॉलिन्सने हे जाणून केले की त्याच्या काळाच्या सवयीने झाले, हे ठरवायला कादंबरीत आधार सापडत नाही. बेटरेज, जो बाप आहे, तोही रेचलला याबद्दल बोल लावत नाही. मी लावतो.

तिचे मौन निव्वळ करुणेतून आलेले आहे असेही नाही. ब्रफ वकिलांच्या घरी फ्रँकलिन तिला अचानक गाठतो तो प्रसंग या कादंबरीतला सर्वांत जिवंत प्रसंग आहे. त्याला पाहून तिचे पाय आपोआप त्याच्याकडे वळतात, आणि पुढच्याच क्षणी ती त्याला भ्याड म्हणते. त्याच्यावर कर्ज होते हे तिला ठाऊक होते; पैशांची सोय करून देण्याचे सुचवणारे पत्रही तिने लिहिले होते. पण पोलिसांना बोलावण्यात तोच सर्वांत पुढे आहे हे कळले, तेव्हा तिने ते फाडून टाकले. स्वतः चोरी करून वर साळसूदपणे चोर शोधणारा हा माणूस तिला असह्य झाला. म्हणजे तिने त्याला क्षमा केलेली नव्हती. तिला त्याचा संताप होता, त्याच्यावर प्रेम केल्याबद्दल स्वतःचीही घृणा होती, आणि तरीही ती त्याला पकडून देणार नव्हती. ही तीनही एकाच छातीत नांदतात. माझ्या लेखी रेचल देवदूतांच्या रांगेतून बाहेर पडते ती इथे.

तिच्या आजूबाजूला कॉलिन्सने चांगुलपणाचा बाजार मांडून ठेवला आहे. रेचलची नातेवाईक मिस क्लॅक धर्मपत्रके घेऊन फिरते, मरणाच्या दारात असलेल्या लेडी व्हेरिंडरच्या घरात ती ठिकठिकाणी पेरते, आणि पडद्याआडून दुसऱ्यांचे बोलणे ऐकताना तिला त्यातही ईश्वरी योजना दिसते. गॉडफ्रे स्त्रियांच्या धर्मादाय संस्थांचा लाडका. त्यांतली एक संस्था बापांच्या गहाण पडलेल्या विजारी सोडवून त्या मुलांच्या मापाच्या करते! हा परोपकारी पुरुष एका अल्पवयीन मुलाच्या नावे ठेवलेले 20,000 पौंड गिळून बसला आहे, उपनगरात त्याचा दुसरा संसार आहे, आणि अखेर हिऱ्याचा खरा चोर तोच. या दोघांपुढे रेचल उद्धट, लहरी, देवाधर्माची पर्वा नसलेली वाटते. मिस क्लॅक तर तिला तशीच रंगवते. कॉलिन्स स्वतः लग्नाशिवाय एका बाईबरोबर राहत होता आणि दुसरीशी त्याचे संबंध होते. समाजमान्य सद्गुणाचा भाव काय चालला आहे हे त्याला घरबसल्या कळत असे.

पैशाबद्दल एवढेच. गॉडफ्रे तिला मागणी घालतो ती तिच्या इस्टेटीसाठी. आईच्या मृत्युपत्राप्रमाणे तिला केवळ हयातीपुरते उत्पन्न आहे, जमीन विकता येणार नाही, हे कळताच त्याचे प्रेम ओसरते. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा पहिला कायदा 1870 साली झाला. त्याआधीच्या काळात ब्रफसारखा खमका वकील हाच श्रीमंत मुलीचा कायदा होता.

शेवटाकडे जाताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. डॉक्टर कँडींचा मदतनीस एझ्रा जेनिंग्ज फ्रँकलिनला पुन्हा अफू देऊन पाहण्याच्या प्रयोगाची कल्पना मांडतो आणि रेचलला पत्र लिहितो. प्रयोग अजून व्हायचा आहे, यशस्वी होईल याची खात्री नाही. रेचल उलट टपाली कळवते की, तिला फ्रँकलिनच्या निर्दोषपणासाठी प्रयोगाची गरज नाही. वर्षभर तिच्याजवळ पुरावा होता आणि विश्वास नव्हता. आता विश्वास आहे आणि पुरावा यायचा आहे. बाकी सगळी कादंबरी पुराव्यावर चालते, ही मुलगी चालत नाही. तिने डोळ्यांनी पाहिले ते खरे होते, तरी त्यावरून काढलेला अर्थ खोटा होता, हे मान्य करायला तिला एक पत्र पुरते.

तिच्या जोडीला या कादंबरीत मला फक्त ते तीन ब्राह्मण दिसतात. घेतलेला वसा निभावण्यासाठी समुद्र ओलांडून, जादूगारांचे सोंग घेऊन त्यांनी आपली जातही सोडली. काम फत्ते झाल्यावर ते तीन दिशांना निघून जातात, पुन्हा कधी न भेटण्यासाठी. ते खून करतात, ती करत नाही, हा फरक लहान नव्हे. पण दिलेल्या शब्दासाठी जगातली पत पणाला लावणे ही जात त्यांची आणि तिची एक आहे. साम्राज्याच्या ऐन भरात लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाने ही तुलना वाचकाला करू दिली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

राहिला निवेदनाचा प्रश्न, आणि पुढची बरीच पाने त्यावरच खर्ची पडली आहेत. ही कथा अनेकांनी लिहून दिलेल्या जबान्यांमधून उलगडते. बेटरेज लिहितो, मिस क्लॅक लिहिते, ब्रफ, फ्रँकलिन, जेनिंग्ज, कफ, कँडी, सगळे लिहितात. मेलेल्या रोझानाचेही लांबलचक पत्र आहे. नियम असा, की ज्याने जे स्वतः पाहिले तेवढेच त्याने सांगावे. जबान्या गोळा करण्याचे काम 1850 साली फ्रँकलिन हाती घेतो, आणि तोवर रेचल त्याची बायको झालेली आहे. चोरी प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ती घरात, त्याच्या शेजारी आहे. तिची जबानी मात्र घेतलेली नाही. पहिल्या वाचनात हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रहस्य टिकवायचे तर तिला बोलू देता येत नाही. रहस्य फुटल्यानंतरही तिला बोलू दिले नाही, याला ते कारण पुरत नाही. तिच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते सगळे दुसऱ्यांच्या तोंडचे आहे: म्हाताऱ्या नोकराच्या मायेतून, मत्सरी नातेवाइकाच्या द्वेषातून, वकिलाच्या कौतुकातून, नवऱ्याच्या प्रेमातून गाळून आलेले.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या आणि शेरलॉक होम्स घरचाच मानणाऱ्या मराठी वाचकाला रहस्यकथा कशी वाचायची हे सांगण्याची गरज नाही. एक विनंती मात्र आहे. 'द मूनस्टोन' पुन्हा हाती घ्याल तेव्हा रेचल जिथे जिथे येते तिथे क्षणभर थांबा आणि तिच्याविषयी कोण बोलतो आहे, त्याचा त्यात काय स्वार्थ आहे, ते आधी पाहा. मग माझी मते वाचा, आणि न पटली तर खुशाल खोडून काढा.